एकतीस मार्चच्या आत

शेळगाव, तालुका इंदापूर
२ मार्च १९५३

चि. मोहन यास दाजींचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीपासून तुझं पत्र नाही, यावरून तुझी बढती झाली असावी असा तर्क मी केला होता. परवा इंदापूरच्या पोस्टमास्तरांनी तो खरा ठरवला. खर्चाच्या खात्यात उपसचिव! म्हाळसेनं बहिणीच्या हक्कानं आळीत गूळ वाटला. यंदा गूळ वाटायला छाती लागत नाही. बारामतीच्या पेठेत ढेपा पडून आहेत आणि मुंगळ्यांखेरीज त्यांना गिऱ्हाईक नाही. दोन वर्षांपूर्वी याच गुळावर लोकांनी मोटारी घेतल्या. त्याच वर्षी सरकारलाही हुरूप आला आणि रस्त्यावरच्या सरकारी बंगल्याला नवा पोर्च बांधून झाला. पोर्चाखाली मोटारी उभ्या राहायच्या. हल्ली शेळ्या उभ्या राहतात. त्यांनाही सावली लागतेच.

यंदा वैशाख अधिक येतो आहे, हे पंचांग न पाहणाऱ्या माणसाला कळावं म्हणून लिहितो. जावयाला वाण देण्याचा महिना. तुझे वडील होते तोवर दर अधिकात तेहतीस अनारसे आणि पितळेचं ताट न चुकता येई. ते गेल्यावर तो मान तुझ्याकडे आला. मी हावरा नाही. शास्त्र हावरं आहे, त्याला माझा इलाज नाही.

पण आजचं मागणं अनारशांचं नाही.

आमच्या ओढ्यावर दुष्काळी कामातून मातीचा बांध होतो आहे. सकाळची शाळा सुटली की मी तिथं कागद लिहायला जातो. कमिटीनं मला नेमलं, कारण गावात इंग्रजी हुकूम वाचणारा मी एकटा. बारा वर्षं पाठशाळेत व्याकरण घोकलेल्या माणसाचं शेवटी हेच होतं.

मातीचा बांध कसा घालतात ते तुला मुंबईत कोणी सांगितलं नसेल. आधी दोन्ही काठांकडून भराव आणत आणत मध्ये यायचं. जिथून ओढा वाहतो तिथं वाट मोकळी ठेवायची; तिला इथं घळ म्हणतात. बाजू दबून बसल्या की उन्हाळ्याच्या अखेरीला होती नव्हती ती माणसं एकदम लावून घळ भरायची आणि पावसाआधी हात धुवायचे. बाजू झाल्या आणि घळ राहिली, तर तो बांध नव्हे, ती बंदूक. वर साठलेलं सगळं पाणी एका तोंडातून सुटणार. त्या तोंडासमोर सोनबाची वस्ती आहे.

सोनबा धनगर, सत्तरी गाठलेला. मेंढरं गेल्या साली विकली. आता हा भरावाची माती दाबायला धुम्मस हाणतो आणि याची विधवा सून ठमाबाई पाट्या वाहते. वस्ती जुनी आहे. आजवर पूर आला की पाणी माळभर पसरायचं आणि फार तर उंबऱ्याला पाय लावून परत जायचं. आता आम्ही दोन्ही बाजूंनी त्याची वाट अडवली आहे. शिल्लक राहिली ती घळ.

मंजुरी यायला जानेवारी सरला. बाजू होत आल्या, घळीला अजून दीड-दोन महिने हवेत, आणि आमचा ओव्हरसियर हिंदुराव काल सगळ्यांसमोर म्हणाला, "एकतीस मार्चला पैसे बंद."

"का? दुस्काळ सपला व्हय?" सोनबानं विचारलं.

"दुष्काळ नाही हो. वर्ष संपतं."

"आमचं बी वरीस सपतं पाडव्याला. म्हनून आमी चूल इझवत न्हाय."

ठमाबाईनं डोक्यावरची पाटी खालीसुद्धा ठेवली नाही. म्हणाली, "मामंजी, ह्यो मार्च लई खादाड दिसतुया. आपला फागुन येतुया न् जातुया, कुनाची भाकर न्हेत न्हाय."

हसून घेतलं सगळ्यांनी. मग जो तो घळीकडे बघायला लागला.

म्हणून एवढंच विचारतो. जी रक्कम तुम्ही दिलीच आहे, ती मेअखेरपर्यंत वापरू द्याल का? नवा पैसा नको. हिंदुरावाकडे दुसरी तोड आहे: मोजणीच्या पुस्तकात घळ भरली असं मार्चातच लिहायचं, पैसे उचलून ठेवायचे, आणि एप्रिल-मेमध्ये त्यातून मजुरी वाटून घळ खरोखर भरायची. तो म्हणतो, ही रीत सगळीकडे आहे, तिला 'मार्चची मोजणी' म्हणतात. कागद मातीच्या दोन महिने पुढं धावतो, इतकंच. मी त्याला म्हटलं, थांब जरा, माझा मेहुणाच त्या खात्यात आहे. राजमार्ग असताना आडवाट कशाला? हे तुला घरातला म्हणून लिहितो.

म्हाळसेचे आशीर्वाद. ती विचारते, तुझी सर्दी कशी आहे. मी तिला म्हटलं, उपसचिवांना सर्दी होत नाही.

तुझा दाजी

---

शेळगाव, २१ मार्च १९५३

चि. मोहन यास आशीर्वाद. ('अनेक' या खेपेला गाळले आहेत, तुमच्याकडे काटकसर चालू असल्याचं कळलं.)

तुझं टंकलिखित उत्तर पोचलं. चार वाक्यांचं आहे. चौथ्यात सही आली. वर्षअखेरीस न वापरलेली रक्कम परत करणं बंधनकारक. महसूल घटल्यामुळे सर्व कामांवर कपात; अपुऱ्या कामांचा विचार पावसाळ्यानंतर. आणि तिसरं वाक्य तर सुभाषितासारखं: शहाणं घर उत्पन्न पाहून खर्च करतं, सरकारनंही तेच करावं.

मोहन, तू शहाण्या घरातलाच आहेस, म्हणून तुझ्याच घराची आठवण देतो. इंदापूरला तुमच्या घरामागं जमिनीत पेव होतं. चांगल्या सुगीत तुझे वडील त्यात ज्वारी भरत, वर कडबा, त्यावर माती लिंपत, आणि शेजारपाजारच्यांनी कितीही चेष्टा केली तरी त्या वर्षी लग्नातसुद्धा हात आखडता ठेवत. वीस सालच्या दुष्काळात ते उघडलं. म्हाळसा सांगते, आतली वाफ जाऊ दिली आणि मग सगळ्यांत लहान आणि हलका म्हणून तुलाच दोर बांधून खाली सोडलं. वरून 'पुरे' अशी हाक येईपर्यंत तू टोपल्या भरून देत होतास. अर्धी गल्ली त्यावर जगली.

तुमच्या खात्याचंही पेव आहे, पण त्याची तऱ्हा उलटी. सुगीत तोंड उघडतं, दुष्काळात त्यावर माती लिंपतात. गुळाला भाव होता तेव्हा पोर्च बांधलात. आता नाही, तर घळ उघडी ठेवता. घरात एकानं उपास केला तर त्याचा घास दुसऱ्याच्या ताटात पडतो. सरकारनं उपास केला की सगळ्यांच्याच ताटातला घास जातो. इकडे गुळाला भाव नाही म्हणून सणसरचा बागाईतदार मजूर घेत नाही. तिकडे महसूल नाही म्हणून सरकार मजूर घेत नाही. दोघांची एकादशी एकाच दिवशी आली आहे आणि आधी पारणं कोणी करायचं ते कोणालाच ठाऊक नाही.

नियम हवेतच, हे मला तू शिकवू नकोस. नियमांवर मी आयुष्य काढलं. पण आमच्या शास्त्रकारांनी धर्म सांगितला तसा आपद्धर्मही सांगितला. आपत्काळी काय चालतं, याचा वेगळा अध्याय लिहिला, कारण आपत्ती येणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं. पंचांगाचंच बघ. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाला पुरत नाही असं दिसल्यावर त्यांनी आकाशाला दोष दिला नाही. एक महिना वाढवून दिला. यंदा तो वैशाखातच आला आहे, म्हणजे ज्या महिन्यात घळ भरायची तो महिना देवानं आम्हांला दोनदा दिला आहे. आणि तुम्ही म्हणता, देवाचं वर्ष काहीही असो, आमचं मार्चमध्ये बंद.

सोनबाला तुझं उत्तर वाचून दाखवलं. त्यानं धुम्मसावर हनुवटी टेकली. मग म्हणाला, "मास्तर, तुमचं पावनं मेंढरं राखाया नगं. तानेल्या मेंढराला म्हनतील, आड आटलाय, पाऊस पडल्यावर पाजू."

अजून दहा दिवस आहेत. खात्याचं नको, तू स्वतः काय म्हणतोस ते लिही. चार वाक्यं चालतील, पण हातानं लिहिलेली.

दाजी

---

शेळगाव, ९ एप्रिल १९५३

रा. रा. मोहनराव यांस,

हा मायना पाहून दचकू नका. अधिकाऱ्याला असंच लिहितात, 'चि.' म्हणण्याइतके आपण लहान राहिला नाहीत.

आपलं हातानं लिहिलेलं पत्र आलं नाही. माझं आलं. अठ्ठावीस तारखेला तपासणीस साहेब जीपमधून आले, बांधावर टेबल मांडायला लावलं आणि फाईल उघडली. आत दोन मार्चचं माझं पत्र. कोपऱ्यात लाल शाईनं नंबर आणि तारीख. 'मार्चची मोजणी' या शब्दांखाली दोन रेघा. 'घरातला म्हणून लिहितो' याखाली रेघ नव्हती. ते बहुधा कामाचं नसावं.

साहेबांनी मला विचारलं, "हे आपणच लिहिलंत?" मी होय म्हटलं. खोटं बोलायची सवय असती तर बांध पुरा झाला असता.

हिंदुराव माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं वाकून पत्र पाहिलं. पुस्तकात त्यानं अजून एक अक्षरही खोटं लिहिलेलं नव्हतं. माझ्या सांगण्यावरून थांबला होता बिचारा. तरी 'इरादा सिद्ध होतो' म्हणून त्याला कामावरून दूर केलं. जाताना सायकल हातात धरून माझ्याकडे आला. मला वाटलं, शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"मास्तर," तो म्हणाला, "अक्षर झकास आहे तुमचं. वाचायला काही त्रासच पडला नाही त्यांना."

एकतीस तारखेला उरलेली रक्कम परत गेली. तपासणीस साहेबांनी जाताजाता मला दिलासा दिला की, यामुळे जिल्ह्याची बचत चांगली दिसेल. कोणी वाचवलं आणि काय वाचवलं, हे मी विचारलं नाही. इंग्रजी हुकूम वाचता येतात म्हणून नेमलेल्या माणसानं प्रश्न विचारू नयेत.

लोक एक तारखेलाही आले. सांगूनही आले. पाट्या पालथ्या घालून त्यांवर बसले आणि घळीतून येणारा वारा खात राहिले. ठमाबाई मला म्हणाली, "मास्तर, उरलंसुरलं काम तुमच्या पावन्यांना ठाव न्हाय का? एकडाव हितं आनून दावा की. घळीत हुबं करा, म्हंजी कळंल कुठून काय येनार त्ये."

मी म्हटलं, पाहुण्यांना सवड नसते.

म्हाळसेला मी यातलं काही सांगितलेलं नाही. हिंदुराव का गेला असं तिनं विचारलं, तेव्हा बदली म्हटलं. आपण पत्र फायलीत का लावलंत, याचा मी पुष्कळ विचार केला. भीती वाटली असेल: उद्या हे कुठून तरी उघडकीला आलं, तर 'उपसचिवांना घरूनच ठाऊक होतं' असं कोणी म्हणेल. असंच असेल तर मला समजतं. आपल्याला नियम प्रिय होता, असं असेल तर मात्र समजत नाही.

आपला,
दिगंबर मास्तर

---

शेळगाव, ३ मे १९५३, अधिक वैशाख

रा. रा. मोहनराव यांस. या खेपेला कार्ड लिहितो. कार्ड वाटेत कोणीही वाचतं, त्यामुळे आपल्याला ते दुसऱ्या कोणाला दाखवण्याचे श्रम पडायचे नाहीत.

अधिकात केलेलं दान वाया जात नाही असं मी देवळात सांगितलं. त्यावर काम बंद पडल्यावरही गावात राहिलेली माणसं आठवडाभर घळीत फुकट माती टाकत होती. उपाशी माणसाचं पुण्य लवकर दमतं. आता बरेचसे बारामतीकडे काम शोधायला गेले. एक सोनबा तेवढा रोज सकाळी दोन पाट्या टाकतो. मी म्हटलं, "सोनबा, दोन पाट्यांनी घळ भरत नसते." तर म्हणतो, "भरत न्हाय ठाव हाय. पर सरकार परत आलं, तर काम बंद पडलं हुतं आसं नगं म्हनाया."

वस्ती हलवा म्हणून मी त्याच्या विनवण्या केल्या. ऐकत नाही. "आर्धा बांद सरकारनं घातला, आर्धा काय कावळं घालनार हायती? येतील की." सरकारवर एवढी श्रद्धा मी आपल्या खात्यातसुद्धा पाहिलेली नाही.

वाण आलं नाही. म्हाळसा रोज पोस्टमनची वाट पाहते. अनारसे राहू देत. पावसाला महिना उरला आहे. एक तार करा, घळ भरा एवढीच.

दिगंबर

---

शेळगाव, ११ ऑक्टोबर १९५३

माननीय उपसचिव साहेबांच्या सेवेशी,

अपुऱ्या कामांचा विचार पावसाळ्यानंतर होईल असं आपण कळवलं होतं. पावसाळा संपत आला. विचारासाठी लागणारी माहिती सादर करतो.

मृगापासून उत्तरेपर्यंत पाऊस यथातथाच होता. लोक म्हणायला लागले, मास्तर उगीच भिववत होते. मीही तसंच म्हणू लागलो होतो. हस्त लागला आणि वरच्या अंगाला डोंगरात पाऊस कोसळला. आमच्याकडे एक थेंब नाही. लख्ख ऊन होतं, शाळा भरलेली होती, मी मुलांना रूपं म्हणायला लावली होती. ओढ्याच्या बाजूनं गाड्यांची रांग दगडांवरून यावी तसा आवाज आला.

बांधाच्या दोन्ही बाजू उत्तम टिकल्या. हे हिंदुरावाच्या कामाबद्दल नमूद करावं. पाणी त्यांच्यामागं चढत गेलं, एखाद्या तळ्यासारखं दिसायला लागलं. आमच्यातले काही जण चक्क खूश झाले, कारण तळं झालं की काय दिसेल ते सगळ्यांच्या मनात होतंच. मग ते घळीतून सुटलं.

वस्तीतली सगळी घरं गेली. विहीर गाळानं भरली. माणसं वाचली, कारण ठमाबाई ओरडत सगळ्यांना बांधाच्या भरावावर घेऊन चढली. आसपास तेवढीच उंच जागा होती. ते वरून स्वतःची घरं जाताना पाहत होते. ठमाबाई म्हणते, आवाज घरांचा न्हवता, पान्याचाच हुता, घरं गप गेली.

सोनबा सापडला नाही, असं पहिल्या दिवशी म्हणत होते. दुसऱ्या दिवशी सापडला, पार खाली, बाभळीत. त्या सकाळी तो नेहमीच्या दोन पाट्या घेऊन घळीत गेला होता. पाटी बाभळीपाशी नव्हती. लोकांनी ती बरीच शोधली. मेलेल्या माणसाच्या पाटीचं काय करायचं असतं कोण जाणे, पण शोधली.

नुकसानभरपाईचा अर्ज मी लिहून दिला आहे. त्यात मृत्यूचं कारण 'अतिवृष्टी' लिहावं असं कचेरीतून सांगण्यात आलं. शेळगावात त्या दिवशी पाऊस पडला नव्हता असं मी म्हटलं. ते म्हणाले, दुसरा रकाना नाही.

एक खासगी. सोनबाच्या दहाव्याला हिंदुराव आला होता. म्हाळसेनं त्याला सहज विचारलं, बदली कुठं झाली? तो म्हणाला, "ताई, मास्तरांनाच विचारा." घरी येऊन तिनं विचारलं आणि मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, जात्यावर बसली, आणि नको असताना सगळी ज्वारी दळून काढली. येत्या भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळणार आहे. भाऊ नसलेल्या बायका तसं करतात, हे आपल्या कानावर असावं म्हणून लिहिलं.

आपला नम्र,
दि. वा. मास्तर, कमिटीचा लेखक

---

शेळगाव, १२ सप्टेंबर १९५५, अधिक भाद्रपद

मोहन,

दोन वर्षांनी तुझं पत्र आलं, हातानं लिहिलेलं, आणि त्याबरोबर वाणही. तेहतीस अनारसे, पितळेचं ताट, वर रेशमी रुमाल. अधिक मास तीन वर्षांच्या आतच फिरून येतो; तू निदान दुसऱ्याला गाठलंस.

पत्र दोनदा वाचलं. खजिन्याला बरे दिवस आलेत, नवी योजना येते आहे, हात मोकळा झाला. शेळगावच्या बांधाला पुरी रक्कम मंजूर. मात्र ती एकतीस मार्चच्या आत खर्ची पडली पाहिजे, तेव्हा दाजींनी जातीनं लक्ष घालावं. समारंभाला तू स्वतः येणार. कोनशिलेवर माझा एक संस्कृत श्लोक असावा अशी तुझी इच्छा. 'झालं गेलं' एवढे दोन शब्द लिहून तू पुढचे खोडलेस, तेही दिसले. तेवढ्या खोडलेल्या जागेसाठी मी तुला पुन्हा 'मोहन' म्हटलं आहे.

आता इकडचं. बारामतीच्या पेठेत गुळाला पुन्हा गिऱ्हाईक आहे. सणसरला ऊस उभा आहे आणि पाटी उचलायला गावात माणूस मिळत नाही. त्या वर्षी माणसं पालथ्या पाट्यांवर बसून होती, तेव्हा पैसा पळाला. यंदा पैसा हात जोडून उभा आहे आणि माणसं उसात गेली आहेत. तुमचा ठेकेदार येऊन घळ पाहून गेला. पुरानं तिच्या कडा खाल्ल्या, ती दुप्पट झाली आहे. तो म्हणाला, मार्चपर्यंत घळ होणं कठीण. पण रक्कम जाऊ द्यायची नाही, तर भरावावर दगडी पायऱ्या आणि एक छोटा बंगला सहज होईल. वरून देखावा चांगला दिसतो म्हणाला. खरं आहे. ठमाबाई तो देखावा पाहून चुकली आहे.

भरावावर ती आणि वस्तीची उरलेली माणसं छपरं घालून राहतात. खाली पुन्हा घर बांधायचा धीर कोणाला झाला नाही. त्यांना गेल्या आठवड्यात नोटीस आली: सरकारी बांधावरचं अतिक्रमण काढून घ्यावं, कामाला अडथळा होतो. मी वाचून दाखवली. अजूनही इंग्रजी वाचणारा मी एकटाच.

"उठा म्हनत्यात?" ठमाबाईनं विचारलं. "कुठं जायाचं? खाली पानी येतंय न् वर सरकार येतंय."

मी नोटिशीची घडी घातली.

"त्यांना म्हनावं, आदी घळ भरा. भरली की आमी आपसूक खाली उतरतो, तुमी सांगायची बी गरज न्हाय. आदी बंगला बांदला, तर मग आमी हाय न् बंगला हाय."

अनारसे म्हाळसेनं वस्तीवर नेऊन वाटले. भावाचं वाण माघारी धाडता येत नाही म्हणाली. पण तिला स्वतःला घास गिळवेना. ठमाबाईनं एक खाल्ला, दुसरा पदराला बांधला.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "कुनी धाडलं?"

"माझ्या भावानं."

"काय करतु भाऊ?"

म्हाळसेनं सांगितलं, "मुंबईत असतो. हिशोब ठेवतो."

"मग बराबर हायती," ठमाबाई म्हणाली. "मोजून धाडल्याती."

श्लोक केला नाही. बसलो होतो. अनुष्टुभात बत्तीस अक्षरं बसतात. सोनबा बसत नाही. दुसऱ्या कोणाकडून करून घे, पुण्यात पुष्कळ पंडित आहेत आणि त्यांनी घळ पाहिलेली नाही, त्यामुळे त्यांचा श्लोक प्रसादपूर्ण होईल.

नोटिशीची मुदत संपल्यावर ठमाबाई आणि वस्तीवाले काय करणार आहेत, ते तिनं मला सविस्तर सांगितलं आहे. हिंदुरावही आता त्यांच्यात आहे. तुला कळवणार नाही. तुझ्याकडे पत्रांना नंबर पडतात.

तू येशील तेव्हा घरी उतर. बहीण दार उघडेल. बोलेल की नाही, सांगत नाही.

ताट परत पाठवतो आहे. माहेरचं ताट रिकामं धाडू नये म्हणून म्हाळसेनं त्यात मूठभर माती रुमालात बांधून दिली आहे. घळीतली आहे. सोनबानं टाकलेल्या पाट्यांपैकी पुरानंतर कडेला एवढीच चिकटून राहिली होती. कामाला लाव. आणि खर्ची पडली नाही, तर एकतीस मार्चच्या आत परत पाठव.

दाजी